चाकाला पाळी नसते

सायमा हौतालाबद्दल आमच्या बंदरावर कुणालाही विचारा, "बाई बोटीच्या चाकावर असली की मासा लागणारच" असंच सांगतील. सांगू देत. त्यांनी लांबून पाहिलंय. मी त्या बोटीच्या मागच्या अंगाला एकोणीस वर्षं जाळी घेऊन उभा होतो, तेव्हा खरं काय ते मी सांगतो. माझं नाव यानो. आठवडाभर मिठाच्या खाणीत, म्हणजे एरीच्या समुद्राएवढ्या तळ्याखाली दोन हजार फुटांवर, आणि शनिवार-रविवार त्याच तळ्याच्या पाठीवर, आर्वो हौतालाच्या बोटीत. आता खाण सुटली, खोकला तेवढा राहिला.

आर्वो म्हणजे सायमाचा नवरा. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. सायमाला कुणी काही म्हणत नाही, नुसतं सायमा.

बाई चौऱ्याहत्तरची आहे. उंची बेताची, खांदे रुंद, बोलणं मोजून-मापून. अठ्ठावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. आमच्याकडे जानेवारीत रस्ता कुठला आणि खंदक कुठला हे कळत नाही, पण तिची बस एकदाही घसरली नाही. त्या बसमधली पोरं आता पोटं सुटलेले बाप झालेत, तरी ती दिसली की सरळ उभी राहतात. त्यातला एक पोलीस झाला. त्यानं एकदा तिची गाडी जोरात जाते म्हणून अडवली, तर ही काच खाली करून म्हणाली, "आधी नाक पूस, मग बोल." त्यानं खरंच पुसलं म्हणे.

चौतीस वर्षांपूर्वी आर्वोनं ही अठ्ठावीस फुटी जुनी बोट घेतली आणि तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं, हिल्मा. सायमाचं आणि सासूचं काही फार गूळपीठ नव्हतं. ती म्हणायची, "जिवंतपणी सासूनं मला हाकलं, आता मी तिला हाकतेय." पहिल्याच दिवशी आर्वो चाकावर बसला आणि मागच्या सहाच्या सहा दोऱ्यांची त्यानं अशी काही वेणी घातली की दोन तास त्या सोडवण्यात गेले. तेव्हा सायमानं डबा बाजूला ठेवला, पुढे गेली आणि म्हणाली, "सरक." आर्वो सरकला. त्यानंतर चौतीस उन्हाळे ते चाक तिच्याच हातात होतं.

आता ऑगस्ट सरता सरता तळ्याचं वरचं पाणी अगदी कोमट होतं, त्यात स्टीलहेड, म्हणजे आमचा तो उड्या मारणारा चंदेरी मासा, थांबत नाही. तो खाली साठ फुटांवर, गार पाण्याच्या थराला पाठ लावून फिरतो. त्याच्यासाठी काठापासून पंधरा मैल आत जायचं, दहा पौंडी शिशाचे गोळे तारेनं खाली सोडायचे, त्यांना चिमट्यात काठ्यांच्या दोऱ्या अडकवायच्या, दोरीच्या टोकाला पत्र्याचा रंगीत चमचा, त्याच्या बुडाला गळ. आणि मग ताशी अडीच मैलांनी बोट चालवत राहायचं. दिवसभर. जरा हळू झालं की चमचा मरगळतो, जरा जोरात झालं की गरगर फिरतो. सायमा मध्येच चाक सहज असं थोडं डावीकडे सोडायची, मग थोडं उजवीकडे. त्या वळणात एका अंगाचे चमचे उसळी घेतात, दुसऱ्या अंगाचे डुलत खाली जातात, आणि मागनं नुसता बघत येणारा मासा त्याच क्षणी तोंड घालतो. काठी वाकली की आर्वो ओरडायचा, "बघ माझा हात कसा लागतो!" हात कुणाचा लागायचा हे मला माहीत होतं. पण मी बोलायचो नाही, कारण मला पुढच्या शनिवारी परत बोटीवर यायचं असायचं.

आमच्याकडे एक रिवाज आहे. मासे पाळीनं धरायचे. काठी कुठलीही वाकू दे, ज्याची पाळी त्यानं उचलायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. आणि चाकावरच्या माणसाला पाळी नसते. का, तर मासा लागल्यावर बोट थांबवता येत नाही. थांबली की दोरी ढिली, दोरी ढिली की स्टीलहेड पाण्याबाहेर चार फूट उडी मारतो, डोकं झटकतो आणि गळ तोंडावर फेकून जातो. त्यामुळे मागे काय धुमाकूळ चालू आहे ते चालू आहे, चाकावरच्यानं समोर बघायचं. चाकाला पाळी नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

या उन्हाळ्यात आर्वोचा खुबा बदलला. नवा खुबा जमिनीवर चांगला चालतो, पण लाटेवर आर्वोला भरवसा राहिला नाही. मुलीनं लकडा लावला, शेजारच्या गावचं एक गिऱ्हाईक आलं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी हिल्मा त्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसलो होतो. सायमानं वेलदोड्याचा गोड पाव भाजला होता. आमच्या मच्छीमार क्लबाच्या पत्रकात आर्वोवर दोन शब्द छापायचे होते, म्हणून आर्वो कागद-पेन्सिल घेऊन आठवत बसला होता.

"एकूण स्टीलहेड किती लिहू रे यानो? दोन हजार?"

"लिही की. कोण मोजायला बसलंय!"

"तुझे धर चारशे."

"चारशे? अरे, पाचशेच्या वर असतील माझे!"

"थापा मारू नकोस. आणि सायमाचे..." तो पेन्सिल चावायला लागला.

सायमा भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझा एकही नाही."

आम्ही दोघं हसलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं ती गंमत करतेय.

"काहीतरीच काय!" आर्वो म्हणाला. "तो नव्हता का एक, दीपगृहासमोर, पाऊस पडत होता तेव्हा?"

"ती तुझी वहिनी होती."

"बरं, मग तो लाल काठीवरचा? मोठा?"

"तो यानोचा पहिला. तेव्हा तो ओकत पण होता."

"ओकत नव्हतो," मी म्हणालो.

"माझ्या बुटांवर ओकलास," सायमा म्हणाली. मग तिनं हात पुसले, वळली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "काठीवर मासा लागला की हाताला कसं लागतं, ते मला माहीत नाही. चाक कसं लागतं ते माहीत आहे. सोमवारी बोट जाणार. त्याआधी एक धरावा असं मला फार वाटतंय. एवढंच."

एकोणीस वर्षांत त्या बाईच्या तोंडून 'मला वाटतंय' हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी हातातला पाव ताटलीत ठेवला. आर्वोला मात्र वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल.

"एवढंच ना? मग धर की! मी बसतो चाकावर. त्यात काय ठेवलंय?"

सायमा परत भांडी विसळायला लागली.

शुक्रवारी ईशान्येचा वारा सुटला आणि पाच-पाच फुटांच्या लाटा आल्या. धक्क्यावरनंच परत आलो. राहिले शनिवार आणि रविवार.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. ठरलेल्या जागी गोळे खाली सोडले आणि आर्वो मोठ्या थाटात चाकावर जाऊन बसला. देवा रे देवा! म्हातारी म्हैस बाजारातून चालावी तशी हिल्मा चालायला लागली. कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. तो वेगाच्या काट्याकडे बघायचा तेव्हा दिशा जायची, दिशेकडे बघायचा तेव्हा वेग. तासाभरात मी दोनदा दोऱ्यांचा गुंता सोडवला. त्यात घोट्यांना चावणाऱ्या माश्या आल्या होत्या, वारा पडला की त्या येतातच, आणि हात गुंत्यात असताना घोट्यावर मारणार कशानं? मी मनातल्या मनात आर्वोच्या सात पिढ्या काढल्या. सायमा माझ्या शेजारी काठ्यांजवळ उभी होती. ओठ गच्च मिटलेले. तिचे हात आपोआप थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलत होते, हातात काही नसताना.

"सांग की त्याला," मी हळूच म्हणालो.

"नको. मी सांगायला लागले तर तो खाली उतरेल."

नऊच्या सुमाराला मधली काठी खाडकन वाकली. चिमटा सुटला, काठीवरची दोरीची चक्री किंचाळायला लागली आणि मागे शंभर यार्डांवर स्टीलहेड पाण्याबाहेर आला, चांदीसारखा लखलखीत. मी ओरडलो, "लागला!"

आणि मग जे झालं ते हौतालांच्या घरातच होऊ शकतं. आर्वो "लागला! लागला!" करत खुबाबिबा विसरून चाक सोडून मागे धावला. सायमा त्याच क्षणी चाकाकडे धावली. केबिनच्या अरुंद दारात दोघं आडवे होऊन एकमेकांशेजारून असे सफाईनं निसटले की अंगाला अंग लागलं नाही. चौतीस वर्षांची सवय ती. आर्वोनं काठी उचलली, सायमानं चाक धरलं, बोट सुतासारखी सरळ झाली, आणि मीही, माझ्या अकलेचं काय सांगू, जाळी घेऊन आर्वोच्या शेजारी उभा राहिलो. दहा मिनिटांत मासा जाळीत. आर्वो आनंदानं नाचायचा तेवढा बाकी होता.

मी माशाला पेटीत बर्फावर टाकलं, झाकण लावलं आणि मान वर केली. तेव्हा मला चाकावर सायमाची पाठ दिसली.

"कॅप्टन," मी म्हणालो, "आपण काय केलं हे?"

आर्वोनं माझ्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं. हातातली काठी त्यानं अशी खाली ठेवली, जशी ती चोरीची असावी.

"अगं, तू का धावलीस?" तो ओरडला.

"तू का धावलास?" ती न वळता म्हणाली.

त्या दिवशी दुसरा मासा लागला नाही. दुपारी परतताना आर्वोनं रेडिओसुद्धा लावला नाही. घरी गेल्यावर तो अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, दीड तास बसून राहिला म्हणे. सायमानं दार वाजवून विचारलं, "शिजलास का?", तेव्हा बाहेर आला.

रविवारी सकाळी मी धक्क्यावर पोचलो तर आर्वो माझ्याआधी येऊन चाकामागच्या खुर्चीत बसलेला. मांडीवर बोट बांधायचा जाड दोर.

"बांध मला," तो म्हणाला.

"काय?"

"खुर्चीला बांध. पोटावरून दोन वेढे घे आणि गाठ पाठीमागे मार, माझा हात पोचणार नाही अशी. हौस म्हणून सांगत नाहीये. काठी वाकली की माझे पाय मला विचारत नाहीत."

"आणि बोट बुडाली तर?"

"तर आईबरोबर जाईन! बांध म्हणतो ना!"

मी बांधला. सायमा डबा घेऊन आली, तिनं दोराकडे बघितलं, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "सैल आहे." आणि स्वतः आणखी एक वेढा आवळला. आर्वो "आई गं" म्हणाला, पण तक्रार केली नाही.

त्या दिवशी आकाश ढगाळ होतं, वारा अंगाला लागेल न लागेल असा. पाणी करडं आणि गुळगुळीत. आर्वो कालच्यापेक्षा बरा चालवत होता, घाबरलेला माणूस चालवतो तसा, दोन्ही हातांनी. सात वाजले, आठ वाजले. नऊ वाजता कॉफी संपली. दहाला मी चमच्यांचे रंग बदलले. साडेदहाला सायमा म्हणाली, "राहू दे यानो. नसेल नशिबात." मी म्हटलं, "गप्प बस." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला गप्प बस म्हणालो.

बाराला आम्ही परत निघणार होतो, कारण पश्चिमेकडे ढग चढत होते. पावणेबाराला आर्वोचा हात दुखला म्हणा, त्यानं चाकावरचा हात बदलला म्हणा, बोट सहज थोडी डावीकडे ढळली. आणि उजव्या कडेची काठी पाण्यापर्यंत वाकली.

सायमा धावली. चाकाकडे. दोन पावलं गेलीच ती.

"मागे फीर!" आर्वो खुर्चीतून गरजला. दोर करकरला. "मागे फीर बये! मी आहे इथे!"

ती वळली. काठी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगो बाई," ती म्हणाली, "अगो बाई, हा तर जिवंत आहे!" आता मासा जिवंत असणार नाही तर काय? पण मला तिचं कळलं. काठीतून मासा हाताला लागतो ना, तेव्हा पहिल्यांदा प्रत्येकाला असंच वाटतं.

मासा उडाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर शेपटीवर चालत गेला. मी ओरडत होतो, "काठी खाली घे, तो वर आला की तू खाली, आता गुंडाळ, आता नको, जाऊ दे त्याला!" ती म्हणाली, "यानो, ओरडू नकोस, मी बहिरी नाही." तिचे हात चुकत नव्हते. पंधरा मिनिटं गेली. मासा दमला, जवळ आला, वीस फुटांवर. आणि तिथे त्यानं बोटीखाली डोकं घातलं. दोरी सरळ इंजिनाच्या पंख्याच्या दिशेनं निघाली. दोरी पंख्यात गेली की संपलंच.

आर्वोला मागचं काही दिसत नव्हतं. त्याच्या हातून चाक चुकीच्या बाजूला चाललं होतं. मी सायमाकडे बघितलं. काठी माझ्या हातात देऊन ती चाकाकडे जाऊ शकली असती. एका क्षणात तिनं बोट सावरली असती, मासाही हातचा गेला नसता. पण मग तो माझा झाला असता. तिलाही ते कळत होतं. तिनं काठी आणखी घट्ट धरली आणि ओरडली.

"आर्वो! डावीकडे!"

"किती?"

"थोडं. आणखी थोडं. बास! सोड आता, आपोआप येईल. वेग कमी करू नकोस! घाबरू नकोस!"

"घाबरलोय मी!"

"घाबर, पण वेग कमी करू नकोस!"

हिल्मा वळली. अगदी सायमासारखी नाही, पण वळली. दोरी बोटीखालून सरकत मोकळ्या पाण्यात आली, मासा तिच्यामागून कुशीवर लोळत आला आणि मी जाळी घातली. अकरा पौंडांचा होता. पाठ पोलादी निळी, गालावर गुलाबी झाक, बाकी सगळी चांदी.

सायमा बर्फाच्या पेटीवर मटकन बसली. हसत होती की रडत होती ते सांगता येत नाही, दोन्ही असावं. मग तिनं हात ओले केले, मासा दोन्ही हातांवर घेतला आणि बघत बसली. मी बाजूला सरलो.

"कसा आहे?" आर्वो पुढून ओरडत होता. त्याला वळता येत नव्हतं, दोर होता आणि समोर बघायचं होतं. "अगं किती मोठा आहे? आण की इकडे! मला बघू तरी दे!"

सायमा उठली. मासा घेऊन दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"आर्वो," ती म्हणाली, "चौतीस वर्षांत एक तरी मासा तू मला पुढे आणून दाखवलास का रे?"

रागानं नाही विचारलं. घरी दूध आणलं का विचारावं तसं विचारलं. आर्वोची मान ताठ झाली. तो आठवायचा प्रयत्न करत होता, मलाही कळत होतं, कारण मीही तेच करत होतो. पेटीपासून चाकापर्यंत चार पावलं आहेत. चार. एकोणीस वर्षं जाळीतला मासा मी सरळ पेटीत टाकत होतो आणि झाकण लावत होतो, बर्फ वितळेल म्हणून.

"नाही," आर्वो म्हणाला. "एकही नाही. माझं चुकलं, सायमा. सगळं चुकलं."

ती पुढे गेली आणि तो मासा तिनं त्याच्या मांडीवर ठेवला, रविवारच्या धुतलेल्या पँटवर, चिकट पाण्यासकट. "बघ," ती म्हणाली. "पोटभर बघ. पण एक डोळा समोर असू दे."

त्यानं एका हातानं चाक धरलं आणि दुसरा हात माशावर ठेवला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायला हात रिकामा नव्हता. तिनं बाहीनं ते पुसलं.

मला राहवलं नाही. मी केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "सायमा, माझंही चुकलं."

ती वळली. माझ्याकडे नीट बघितलं, बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघायची तसं.

"त्याच्या हातात निदान काठी असायची, यानो," ती म्हणाली. "जाळी खाली ठेवली की तुझे तर दोन्ही हात मोकळे असायचे."